क्रॅन्मरचा उजवा हात

ज्या मंडळ्यांत अँग्लिकन प्रार्थनापुस्तक मराठीतून चालत आले, तेथील वडीलधाऱ्यांना सकाळच्या उपासनेतील पापांगीकार तोंडपाठ असतो. सर्वांनी गुडघे टेकून एकत्र म्हणावयाचा हा पापांगीकार १५५२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात प्रथम आला. ते पुस्तक कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याच्या हाताखाली तयार झाले.

क्रॅन्मरचा जन्म १४८९ चा. केंब्रिजचा हा विद्वान आठव्या हेन्री राजाच्या विवाहाच्या प्रकरणात उपयोगी पडला आणि १५३३ मध्ये आर्चबिशप झाला. स्वभावाने तो मवाळ व सावध. राजाचा शब्द त्याला सहसा मोडवत नसे. त्याच वर्षी जॉन फ्रिथ नावाच्या तरुणाची चौकशी त्याच्यापुढे आली. प्रभुभोजनातील भाकर ही भाकरच राहते, असे फ्रिथचे मत. क्रॅन्मरने त्याची समजूत घालून पाहिली. तो बधला नाही. जुलैत त्याला जाळण्यात आले. सुमारे पंधरा वर्षांनी क्रॅन्मर स्वतः जवळजवळ त्याच मताला येऊन पोहोचला! त्याचे चरित्र सांगताना ही गोष्ट पुष्कळदा गाळतात. गाळू नये.

१५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली, रोमन मताचा अंमल परतला आणि क्रॅन्मर कैदेत पडला. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्ड येथे लॅटिमर व रिडली या त्याच्या सोबत्यांना जिवंत जाळले, ते त्याला तुरुंगातून पाहावे लागले. वय साठीच्या पुढे, जवळ आपले असे कोणी नाही. पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याने एकामागून एक सहा कागदांवर सह्या केल्या. पोपची सत्ता मान्य केली, स्वतःची शिकवण नाकारली. मत मागे घेणाऱ्याला सहसा जीवदान मिळे. राणीने ते दिले नाही.

२१ मार्च १५५६ रोजी पाऊस होता, म्हणून सर्वांना सेंट मेरी चर्चमध्ये आणले. क्रॅन्मरने आपला मतत्याग लोकांसमोर बोलून दाखवावा, असे ठरले होते. बोलता बोलता त्याने ठरलेली वाट सोडली. ते कागद आपण मरणाच्या भीतीने, अंतःकरणाविरुद्ध लिहिले, असे त्याने सांगितले. म्हणून लिहिणारा हात आधी जळेल. भीती त्याने कारण म्हणून सांगितली, सबब म्हणून नव्हे. प्रार्थनापुस्तकात सगळी मंडळी मिळून 'आम्ही' म्हणते. येथे त्याला 'मी' म्हणावे लागले, आणि कोणते पाप, तेही नाव घेऊन सांगावे लागले. मात्र फ्रिथचे नाव त्या कबुलीत नव्हते.

त्याला व्यासपीठावरून खाली ओढले आणि लॅटिमर व रिडली जेथे जळाले होते तेथे घाईघाईने नेले. जाळ वर येताच त्याने उजवा हात पुढे केला आणि तो तेथेच धरून ठेवला.