बाबा बुदन

बाबा बुदन हे सतराव्या शतकातील सूफी संत होते. भारतात कॉफीच्या लागवडीचा प्रारंभ करण्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते. कर्नाटकातील चिकमगळूर जिल्ह्यातील बाबा बुदनगिरी ही डोंगररांग त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जीवन

बाबा बुदन यांचे वास्तव्य चंद्रद्रोण पर्वतावरील एका गुहेत होते, असे मानले जाते. दादा हयात मीर कलंदर या सूफी संतांच्या परंपरेशी त्यांचे नाव जोडले जाते. काही भाविक या दोघांना एकच मानतात. त्यांचे चरित्र मुख्यतः मौखिक परंपरेतून आणि उत्तरकालीन लेखनातून ज्ञात आहे.

सात बियांची आख्यायिका

आख्यायिकेनुसार, इ.स. १६७०च्या सुमारास हजयात्रेहून परतताना बाबा बुदन यांनी येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या. त्या त्यांनी दाढीत लपवल्या होत्या असे काही कथांत, तर कमरेला बांधल्या होत्या असे इतर कथांत सांगितले जाते. कॉफीच्या व्यापारावर त्या काळी अरबांचे वर्चस्व होते आणि उगवणक्षम बी देशाबाहेर जाऊ नये, याची ते दक्षता घेत, असे परंपरा सांगते. सात हा आकडा इस्लामी परंपरेत शुभ मानला जातो. या बिया त्यांनी आपल्या गुहेच्या परिसरात लावल्या.

ऐतिहासिक संदर्भ

कॉफी हे पेय भारताला त्यापूर्वीच परिचित होते. इंग्रज धर्मोपदेशक एडवर्ड टेरी यांनी सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथील कॉफीपानाची नोंद केली आहे. सुरत व मोखा यांच्यात नियमित सागरी व्यापार चालत असे. मात्र भाजलेले वा उकळलेले दाणे रुजत नाहीत आणि ताजे बीही काही महिन्यांतच उगवणक्षमता गमावते. त्यामुळे पेय येणे आणि झाड येणे या दोन स्वतंत्र घटना ठरतात. अरेबिका जातीत स्वपरागण होत असल्याने मोजक्या झाडांपासूनही पुढील लागवड शक्य होते.

१६९६ साली डचांनी मलबार किनाऱ्यावरून जावा बेटावर कॉफीची रोपे नेली. ती नष्ट झाल्यावर १६९९ मध्ये पुन्हा रोपे नेण्यात आली. जावातील झाडांचा वंश पुढे ॲमस्टरडॅम व पॅरिस येथील वनस्पती उद्यानांमार्गे अमेरिका खंडात पोहोचला. मलबारातील ही रोपे बाबा बुदन यांच्या झाडांपासून आली असावीत, असे अनेक लेखक मानतात. तथापि ती समुद्रमार्गे थेट येमेनहून आली असण्याचीही शक्यता आहे.

समाधिस्थान

बाबा बुदनगिरीवरील गुहास्थान श्री गुरू दत्तात्रेय बाबा बुदनस्वामी दर्गा या नावाने ओळखले जाते. मुस्लिम भाविक तेथे सूफी संतांच्या दर्शनास येतात, तर हिंदू भाविक ते दत्तात्रेयांचे पीठ मानतात. दत्तसंप्रदायामुळे महाराष्ट्रातील भाविकांनाही हे स्थान परिचित आहे. तेथील व्यवस्थापन व पूजाविधी यांवरून दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालत आला आहे.

वारसा

या परिसरात व्यापारी तत्त्वावरील मळे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी सुरू केले. येथील कॉफी मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढवली जाते आणि त्याच वृक्षांवर मिरीचे वेल चढवले जातात. डोंगरउंचीवरील थंड हवेत फळ सावकाश पिकते. पिकलेली फळे हाताने निवडून तोडली जातात. भारतातील बहुसंख्य कॉफीउत्पादक दहा हेक्टरांपेक्षा कमी क्षेत्र असलेले लहान शेतकरी असून अनेक मळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे आहेत. २०१९ साली बाबा बुदनगिरी अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे या डोंगररांगेबाहेर पिकलेल्या कॉफीला हे नाव वापरता येत नाही. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात कॉफीची लागवड आढळते.