पंचवीस घोड्यांचा हिशेब

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. मोगल व आदिलशाही यांच्या अफाट फौजांशी केवळ संख्येच्या बळावर झुंजणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सैन्याची बांधणीच हिशेबाने केली. सभासदाच्या बखरीत ती नमूद आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमल्यांवर एक हजारी. म्हणजे जुमल्यात १२५ स्वार, तर हजारीत १२५०. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. त्यामुळे पाण्यावाचून वा नालेवाचून लहान तुकडीचीही दौड खोळंबत नसे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे तीन अधिकारी असत. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यातील हेतू.

या रचनेची कसोटी १६६६ मध्ये लागली. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेलेले, महाराज स्वतः आग्र्यास कैदेत. तरीही मागे जिजाबाईंच्या देखरेखीखाली राज्य अभंग राहिले. १६७० पासून गेलेले गड परत येऊ लागले आणि १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज निवर्तले. पुढे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १७०७ मध्ये तो येथेच मरण पावला. मराठ्यांचे राज्य मात्र उभेच होते.