साइडवाइंडर बनवणारा मॅक्लीन: अमेरिकेच्या क्षेपणास्त्राची नक्कल भारताच्या मिगला कशी लागली?

1965 च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर आणि स्टारफायटर विमानांवर साइडवाइंडर हे अमेरिकन क्षेपणास्त्र होतं. भारताच्या नव्याकोऱ्या मिग-21 वर होतं सोव्हिएत के-13. दोन्ही दिसायला जुळी भावंडं, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस होता. विल्यम मॅक्लीन.

मॅक्लीन यांचा जन्म 1914 चा, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून 1945 मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, चायना लेकच्या नौदल शस्त्र केंद्रात आले.

तेव्हाची रॉकेट्स सरळ जायची. विमान वळलं की नेम हुकला. मॅक्लीन यांनी वेगळा विचार केला. विमानाचं इंजिन तापलेलं असतं, मग त्या उष्णतेचाच माग काढला तर?

या कामाला सुरुवातीला अधिकृत मंजुरी नव्हती. सहकाऱ्यांनी फावल्या वेळात ते पुढे रेटलं. 1951 मध्ये मंजुरी मिळाली आणि 11 सप्टेंबर 1953 ला क्षेपणास्त्रानं वैमानिक नसलेलं विमान अचूक टिपलं. नाव मिळालं त्याच वाळवंटातल्या सापाचं. हा साप भक्ष्याच्या अंगाची उष्णता ओळखतो. आपल्याकडचा चापडाही याच गटातला.

मॅक्लीन यांचा आग्रह एकच होता, रचना साधी हवी. क्षेपणास्त्रात हलणारे भाग दोन डझनांहून कमी होते. मर्यादाही होत्या. ते शत्रूच्या मागूनच डागावं लागायचं आणि सूर्याकडे तोंड झालं तर भरकटायचं.

24 सप्टेंबर 1958 ला तैवानच्या सेबर विमानांनी चीनच्या मिग-17 वर साइडवाइंडर डागली. त्यातलं एक न फुटताच मिगमध्ये अडकलं आणि विमान ते घेऊन तळावर परतलं, असं सांगितलं जातं. पुढे ते सोव्हिएत संघाच्या हाती लागलं. रचना साधी, त्यामुळे नक्कलही सोपी. त्यातून के-13 तयार झालं.

तेच के-13 मिग-21 सोबत भारतात आलं. या विमानांसाठी नाशिकजवळ ओझरला 1964 मध्ये कारखाना उभा राहिला. स्वस्त आणि साधं असणं हे मॅक्लीन यांच्या शस्त्राचं बळ होतं. त्याच बळामुळे ते दोन्ही बाजूंच्या हाती गेलं.

मॅक्लीन 1976 मध्ये वारले. भारताचं मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं. साइडवाइंडरच्या नव्या आवृत्त्या मात्र आजही सेवेत आहेत.