तुमचा पासवर्ड सर्व्हरलाही कळू नये म्हणून: रॉजर नीडहॅम यांची गोष्ट

कॉलेजचं वाय-फाय, लायब्ररीचं पोर्टल, परीक्षेचा फॉर्म, निकालाची साइट. दिवसातून कितीतरी वेळा आपण युजरनेम आणि पासवर्ड टाकतो आणि पुढे जातो. तो पासवर्ड पुढे कुठे जातो, कोणाला दिसतो, कुठे साठवला जातो, हे फारसं कोणी विचारत नाही. हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी एका विद्यापीठातल्या माणसाने विचारला आणि त्याचं उत्तरही शोधलं. त्यांचं नाव रॉजर नीडहॅम. २००३ साली ते गेले, पण आजही तुम्ही लॉगिन करता तेव्हा त्यांची कल्पना कामाला येते. कॉम्प्युटर सिक्युरिटीत नाव मोठं, पण आपल्याकडे स्टीव्ह जॉब्स सगळ्यांना माहीत आणि नीडहॅम कोणालाच नाही. म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितोय.

गणित, तत्त्वज्ञान आणि मग कॉम्प्युटर

नीडहॅम यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३५ चा, इंग्लंडमधला. शाळा डॉनकॅस्टरमध्ये झाली. १९५३ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात आले आणि मग जवळजवळ आयुष्यभर तिथेच राहिले. आधी गणित शिकले, नंतर तत्त्वज्ञान. त्या काळात आजच्यासारखी कॉम्प्युटर सायन्सची डिग्री नव्हतीच. १९६१ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली. विषय होता वस्तूंचं आपोआप वर्गीकरण कसं करायचं.

१९५८ मध्ये त्यांचं लग्न कॅरेन स्पार्क जोन्स यांच्याशी झालं. या कॅरेनबाई स्वतः मोठ्या संशोधक. जो शब्द सगळ्याच कागदपत्रांत येतो त्याला कमी महत्त्व द्यायचं आणि जो मोजक्याच ठिकाणी येतो त्याला जास्त, ही कल्पना त्यांनी १९७२ मध्ये मांडली. सर्च इंजिनांनी पुढे ती भरपूर वापरली. म्हणजे एकाच घरातल्या दोघांचं काम आज तुमच्या फोनमध्ये आहे, एकाचं लॉगिनमध्ये आणि एकीचं सर्चमध्ये.

एक मशीन, अनेक माणसं, एक फाइल

१९६२ मध्ये नीडहॅम केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रुजू झाले. तेव्हा एका विद्यापीठाला एखादाच कॉम्प्युटर परवडायचा. केंब्रिजच्या मशीनचं नाव होतं टायटन. एकच मशीन अनेकांना एकाच वेळी वापरता यावं म्हणून टाइम-शेअरिंग आलं. प्रत्येकासमोर एक टर्मिनल, प्रत्येकाच्या फाइल वेगळ्या. मग कोण कोणाचं हे ओळखायला पासवर्ड आला.

पण मशीनला पासवर्ड तपासायचा तर तो कुठेतरी लिहून ठेवायला हवा. म्हणून सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये, जसेच्या तसे. यात धोका काय, ते अमेरिकेतल्या एमआयटीत दिसलं होतं. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला कॉम्प्युटरवर मिळणारा वेळ पुरत नव्हता. त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यातून काम केलं. पुढे त्याच दशकात आणखी मोठी गंमत झाली. दोन कर्मचारी एकाच वेळी दोन फाइल दुरुस्त करत होते. एक होती पासवर्डची आणि दुसरी रोजच्या सूचनेची. एडिटर प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे दोन्हींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

बहुतेकांना वाटेल, उपाय सोपा आहे, फाइल नीट लपवा. नीडहॅम यांनी वेगळा विचार केला. फाइल आज ना उद्या कोणाच्या तरी हाती लागणारच, असं धरून चाला. मग तिच्यात चोरण्यासारखं काही ठेवूच नका.

चटणीतून खोबरं परत मिळत नाही

हे कसं जमवलं ते सोप्या भाषेत सांगतो. खोबरं, मिरची, लसूण मिक्सरमध्ये घालून चटणी केली. आता चटणीतून अख्खं खोबरं आणि मिरची परत काढता येईल का? नाही. पण तेच जिन्नस त्याच मापाने पुन्हा वाटले तर चटणी तीच होणार.

पासवर्डचंही असंच करायचं. तुम्ही पासवर्ड ठरवला की मशीन त्याची गणिती चटणी करतं आणि फक्त चटणी साठवतं. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला की त्याची पुन्हा चटणी करून साठवलेल्या चटणीशी ताडून बघतं. जुळली तर आत. मूळ पासवर्ड कुठेच ठेवलेला नसतो, त्यामुळे लॅबच्या ॲडमिनलाही तो फाइलमधून कळत नाही. या गणिताला वन-वे फंक्शन म्हणतात, आजचा रोजचा शब्द हॅश. टायटनवर हे १९६० च्या दशकातच आलं. लॅबचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी १९६८ मध्ये टाइम-शेअरिंगवरच्या आपल्या पुस्तकात या युक्तीचं श्रेय नीडहॅम यांना दिलं.

पुढे त्यात भर पडत गेली. दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर चटणीही सारखीच होणार, आणि चोराला एक सापडला की दोन्ही सापडले. म्हणून १९७० च्या दशकात युनिक्समध्ये प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये थोडी वेगळी भर घालायला सुरुवात झाली. तिचं नावच सॉल्ट, म्हणजे मीठ!

आता एक कामाची गोष्ट. मी एकदा एका संस्थेच्या पोर्टलवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं, तर माझा जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने आला. म्हणजे तिथे हॅश वगैरे काही नव्हतं, पासवर्ड परत काढता येईल असाच ठेवलेला होता. नीट चालणारी साइट तुम्हाला नवीन पासवर्ड ठरवायला लावते. जुना पाठवूच शकत नाही, कारण तिच्याकडे तो नसतोच. जुना पाठवणारी साइट दिसली तर तिथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

मशीन एकाची अनेक झाली

१९७० च्या दशकात चित्र बदललं. आता एक टायटन नाही, तर नेटवर्कला जोडलेली अनेक मशीन. प्रिंटर एकीकडे, फाइल दुसरीकडे, मेल तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड पाठवत बसलं तर तारेवर कान लावून बसलेला कोणीही तो टिपणार.

नीडहॅम आणि अमेरिकेतले मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये यावर एक पेपर लिहिला. त्यातली एक पद्धत अशी: कॅम्पसवर एक विश्वासू सर्व्हर असतो. तुम्ही त्याला सांगता, मला प्रिंटरशी बोलायचंय. तो एक तात्पुरती किल्ली बनवतो आणि तिच्या दोन प्रती दोन बंद पाकिटांत घालतो. एक पाकीट फक्त तुम्हालाच उघडता येतं, दुसरं फक्त प्रिंटरला. दोन्ही पाकिटं तुमच्याकडे येतात. तुम्ही आपलं उघडता आणि दुसरं न उघडता प्रिंटरला देता. आता दोघांकडे एकच किल्ली आहे आणि पासवर्ड नेटवर्कवरून गेलाच नाही.

हीच कल्पना घेऊन एमआयटीने आपल्या कॅम्पससाठी कर्बरॉस नावाची व्यवस्था बनवली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोज २००० मध्ये घेतली. तुमच्या कॉलेजच्या लॅबमधले पीसी विंडोज डोमेनला जोडलेले असतील, तर तुम्ही कर्बरॉस वापरता.

चुका सापडू दिल्या

मला नीडहॅम सगळ्यात जास्त आवडतात ते इथे. त्या पेपरच्या शेवटी दोघांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की अशा पद्धतींत बारीक चुका राहू शकतात आणि रोजच्या वापरात त्या लक्षात येत नाहीत. तसंच झालं. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साक्को यांनी दाखवलं की जुनी किल्ली चोराच्या हाती लागली, तर तो जुनं पाकीट पुन्हा वापरू शकतो. उपाय म्हणून पाकिटावर वेळ घालायची. म्हणूनच आजही पीसीचं घड्याळ साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की कर्बरॉसचं लॉगिन अडतं.

त्याच पेपरमधल्या दुसऱ्या पद्धतीतली चूक तर सतरा वर्षं कोणाला दिसली नाही. १९९५ मध्ये गॅव्हिन लोव यांनी ती दाखवली. तुम्ही लबाड मशीनशी बोलायला गेलात, तर ते तुमचं सोंग घेऊन तिसऱ्याला फसवू शकत होतं. एका निरोपात उत्तर देणाऱ्याचं नाव घातलं की काम झालं.

नीडहॅम यांनी यात मानापमान आणला नाही. उलट अशा चुका आधीच पकडता याव्यात म्हणून १९८९ मध्ये मायकेल बरोज आणि मार्टिन अबादी यांच्यासोबत त्यांनी एक तर्कपद्धत मांडली. कोण कशावर, कोणत्या आधारावर विश्वास ठेवतोय, हे तिच्यात पायरी-पायरीने लिहायचं. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला शोभेल असंच काम!

१९८० ते १९९५ ते लॅबचे प्रमुख होते. याच काळात, १९९१ मध्ये, तिथल्या संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला. कॉफी आहे की संपली, ते जागेवरूनच बघायला. पुढे तो पहिला वेबकॅम म्हणून गाजला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने केंब्रिजमध्ये संशोधन केंद्र काढलं, तेही नीडहॅम यांच्या हाताखाली. फेब्रुवारी २००३ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांच्या केंब्रिजमधल्या पन्नास वर्षांनिमित्त कार्यक्रम केला. तेव्हा ते कॅन्सरने आजारी होते. १ मार्च २००३ रोजी ते गेले, वयाच्या ६८ व्या वर्षी.

मग तुम्ही काय करायचं?

नीडहॅम यांचं काम एका ओळीत सांगायचं तर, गुपित शक्यतो कोणाकडे देऊच नका आणि समोर कोण आहे ते आधी तपासा. कॅम्पसवर याचा अर्थ असा:

- कॉलेजच्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. मित्रालाही देऊ नका, ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणून तर नाहीच.
- पासवर्ड लांब ठेवा. हॅश चोरीला गेल्यावर चोर अंदाज करून जुळवून बघतो. छोटा, सोपा पासवर्ड लवकर सापडतो.
- एड्युरोमसारखं वाय-फाय जोडताना फोन सर्टिफिकेटबद्दल विचारतो. भारतात ही सेवा एर्नेट चालवते. ‘तपासू नका’ असा पर्याय दिसला तरी निवडू नका, कॉलेजने दिलेली सेटिंग वापरा. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कोणीही उभं करू शकतो. सर्टिफिकेट तपासणं म्हणजे समोरच्याने आपली ओळख पटवणं.
- लॅबच्या पीसीवरून उठताना लॉगआउट करा. बाकी सगळं गणित बरोबर असलं, तरी उघडं ठेवलेलं खातं कोणीच वाचवू शकत नाही.