सर जोसेफ भोर

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओलीत राहतो. येथून जयारोग्य रुग्णालयात आजाऱ्यांच्या भेटीस जातो, तेव्हा बाकांवर दूरच्या खेड्यांतील माणसे दिसतात. साध्या तापासाठीही दिवसाची मजुरी बुडवून आणि गाडीभाडे खर्चून ती आलेली असतात. त्यांना पाहिले की आम्हांस सर जोसेफ भोर आठवतात.

भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुणे व लंडन येथे शिकून ते १९०२ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरले. पुढे ते कोचीन संस्थानचे दिवाण आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. ते स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांच्या पत्नी मार्गारेट या मात्र डॉक्टर होत्या.

१९४३ साली सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली आणि पासष्ट वर्षांच्या भोरांना अध्यक्ष केले. दिसले ते भयंकर होते. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १६० वर्षाच्या आत दगावत. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते.

१९४६ साली अहवाल चार खंडांत निघाला. पैसा नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हा त्याचा पाया. रोग बरा करणे आणि रोग टाळणे ही कामे एकाच केंद्रातून व्हावीत. सुरुवातीस दर ४०,००० वस्तीमागे दोन डॉक्टर, परिचारिका व सुइणी असलेले एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी योजना होती. कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करावा, या शिफारशीस सहा सभासदांनी विरोध नोंदविला. तशाने खेड्यांना डॉक्टर मिळणार नाहीत, अशी त्यांची भीती होती. ती अगदीच खोटी ठरली नाही.

त्याच वर्षी आमच्या ग्वाल्हेरात गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यांतील आरोग्य केंद्रे १९५२ पासून निघू लागली. परंतु एकेका केंद्रावर भोरांनी सांगितल्यापेक्षा कितीतरी अधिक लोक सोपविले गेले, आणि माणसे व पैसा मात्र कमी दिला गेला. १९६० साली भोर निवर्तले, तेव्हा काम अर्धेच झाले होते.

वाचकहो, आपल्या भागातील केंद्रात डॉक्टर बसतात का, औषध मिळते का, हे एकदा जाऊन पाहू या. नसेल तर विचारू या. भोरांचे उरलेले काम तेथूनच पुढे जाईल.