एका माणसाने अमेरिकेचं मार्केट वाचवलं आणि अमेरिकेलाच त्याची भीती वाटली

गोष्ट आहे १९०७ सालची. न्यूयॉर्कमध्ये पैसे काढायला लोकांच्या रांगा लागलेल्या. निकरबॉकर ट्रस्ट ही बडी कंपनी ऑक्टोबरमध्येच बसली होती. अशा वेळी बँकांना आधार द्यायला आज आपल्याकडे रिझर्व्ह बँक आहे. तेव्हाच्या अमेरिकेत तसं काहीच नव्हतं.

होता तो ७० वर्षांचा एक बँकर, जॉन पिअरपॉन्ट मॉर्गन. जग त्याला जे. पी. मॉर्गन म्हणून ओळखतं.

१८३७ मध्ये हार्टफर्डला जन्मलेल्या मॉर्गनचे वडील लंडनमध्ये बँकर होते. युरोपात पैसा होता आणि अमेरिकेत रेल्वेला पैसा हवा होता. मॉर्गनने या दोघांची गाठ घालून दिली. १८७१ मध्ये त्याने अँथनी ड्रेक्सेलसोबत न्यूयॉर्कमध्ये फर्म काढली. १८९५ पासून तिचं नाव झालं जे. पी. मॉर्गन अँड कंपनी.

कंपन्यांचे शेअर आणि बाँड विकून भांडवल उभं करायचं, बुडत्या कंपन्या सावरायच्या, छोट्या कंपन्या एकत्र करून मोठी बनवायची, हे तिचं काम. इन्व्हेस्टमेंट बँका आजही हेच करतात. १९०१ मध्ये त्याने अँड्र्यू कार्नेगीचा पोलादाचा धंदा ४८ कोटी डॉलरला घेतला आणि यूएस स्टील उभी केली. एक अब्ज डॉलरहून जास्त भांडवल असलेली ही पहिली कंपनी.

१९०७ च्या संकटात मॉर्गनने ट्रस्ट कंपन्यांच्या प्रमुखांना आपल्या लायब्ररीत बोलावलं आणि दाराला कुलूप घातलं. अडीच कोटी डॉलर द्यायला सगळे तयार झाले, सह्या झाल्या, तेव्हाच पहाटे दार उघडलं.

मार्केट वाचलं. पण याच गडबडीत यूएस स्टीलला टेनेसी कोल अँड आयर्न ही प्रतिस्पर्धी कंपनीही मिळाली. साहजिकच प्रश्न आला, की देशाची तिजोरी एका व्यापाऱ्याच्या मर्जीवर कशी सोडायची? १९१२ मध्ये संसदेच्या पुजो समितीने त्याची उलटतपासणी केली. ३१ मार्च १९१३ ला रोममध्ये तो वारला. त्याच डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि अमेरिकेला स्वतःची मध्यवर्ती बँक मिळाली, फेडरल रिझर्व्ह.

पुढे १९३३ च्या कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि इन्व्हेस्टमेंट बँका वेगळ्या केल्या. मॉर्गनच्या फर्मने ठेवींचा धंदा ठेवला. १९३५ मध्ये त्याचा नातू हेन्री आणि हॅरॉल्ड स्टॅनली यांनी बाहेर पडून मॉर्गन स्टॅनली काढली. जेपीमॉर्गन चेस आणि मॉर्गन स्टॅनली या आजच्या दोन्ही बलाढ्य बँकांचं मूळ असं एकाच घरात सापडतं.