नाइटिंगेलबाईंची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव घेतले की हाती दिवा घेतलेली एक सडपातळ स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परिचारिकांच्या शपथविधीला मुली दिवे घेतात, ते तिच्याच स्मरणार्थ. मीही एकदा घेतला होता, आणि पुढे शिक्षिका झाल्यावर कित्येक तुकड्यांच्या हाती दिला. मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा नाव ठरवायला मला वेळ लागला नाही. मात्र, भगिनींनो, दिव्याविषयी मी फारसे लिहिणार नाही. तो सर्वांना ठाऊक आहे. या बाई दिव्याइतक्याच वहीच्याही होत्या, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे दिव्यापेक्षा त्या वहीने अधिक माणसे वाचविली.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून नाव फ्लॉरेन्स. घर इंग्लंडातले, चांगले सधन. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकविले. धाकटीला गणिताचा विलक्षण नाद. मुलीने नाचाच्या मेजवान्यांना जावे, चांगले स्थळ पाहून संसार थाटावा, हे आईचे स्वप्न. आणि मुलीच्या मनात रोग्यांची सेवा. त्या काळी विलायतेत हे काम दारू पिणाऱ्या, निराधार बायांचे समजले जाई, तेव्हा घरात काय रामायण झाले असेल याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी मुलीला परिचर्येच्या शिक्षणाला पाठविताना भावकीची बोलणी ऐकली आहेत, त्यांनी करावी. वयाच्या तिशीत त्या जर्मनीतील कैझर्सवेर्थ येथे जाऊन थोडे शिक्षण घेऊन आल्या. 1853 साली लंडनच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

पुढल्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या सांगण्यावरून 38 स्त्रिया बरोबर घेऊन बाई निघाल्या आणि 4 नोव्हेंबर 1854 रोजी तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथली दैना वर्णन करण्यासारखी नाही. अंथरूण नाही, धुतलेला सदरा नाही, पाणी नाही. बाईंनी स्वयंपाकघर उभे केले, धुण्याची सोय केली, रात्रीचे पहारे लावले. दिव्याची गोष्ट ती हीच.

पण गोष्टीत जे सहसा सांगत नाहीत ते आता सांगते. परिचारिका आल्या नोव्हेंबरात, आणि मरणारांची संख्या त्यानंतर वाढतच गेली. फेब्रुवारी 1855 मध्ये त्या रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 पर्यंत चढले. सेवेत कसूर नव्हती. बायका रात्रंदिवस राबत होत्या. पण इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती, आणि हगवण, पटकी, विषमज्वर यांना खंड नव्हता. मार्च महिन्यात सरकारने धाडलेले आरोग्य आयुक्त आले. त्यांनी गटारे उपसली, कचऱ्याचे ढीग हलविले, पाण्याची वाट साफ केली, खिडक्यांतून वारा खेळता केला. जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा 2 च्या आसपास आले.

ही उतरण कशाने झाली, याचा छडा बाईंनी युद्ध संपल्यावर लावला, आणि इथून पुढचे त्यांचे आयुष्य मला अधिक मोठे वाटते. रुग्णालयात मृत्यूंची तीन निरनिराळी दप्तरे होती आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता, हे त्यांनी तिथेच पाहिले होते. 1856 साली त्या परतल्या, ताप अंगात मुरवून. पुढली कित्येक वर्षे त्यांनी बहुतेक काम अंथरुणावरून केले. संख्याशास्त्री विल्यम फार यांना हाताशी धरून एकेका महिन्याचे मृत्यू त्यांनी वेगळे काढले: जखमेने किती, टाळता येण्याजोग्या रोगाने किती, इतर कारणाने किती. रोगाने मेलेल्यांपुढे जखमेने मेलेले मूठभर निघाले. मंत्र्यांना आकड्यांच्या रांगा वाचण्याचा कंटाळा, हे ओळखून बाईंनी चित्र काढले. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग, कमळाच्या पाकळ्यांसारखे. जितके मृत्यू तितकी पाकळी मोठी. रोगाला निळा रंग, जखमेला तांबडा. निळ्या पाकळ्या कागदभर पसरलेल्या आणि तांबड्या मध्याशी चिकटलेल्या! 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र सभेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

आजकाल परिचर्येच्या पाठ्यक्रमात पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा असा विषय असतो. मुलींना तो अवघड वाटतो, कारण पुस्तकात तो अवघड करून लिहिलेला असतो. मी त्यांना स्कुटारीचा तक्ता काढून दाखवीत असे. आपण करतो त्या उपचाराने रोगी बरा होतो की नाही, हे मनाला काय वाटते त्यावरून, किंवा आधीच्या सिस्टरबाई तसे करीत म्हणून ठरवायचे नाही; मोजून ठरवायचे, दुसऱ्यांनी मोजलेले वाचायचे, आणि समोरच्या रोग्याला काय मानवते तेही बघायचे. एवढेच ते शास्त्र आहे. बाईंच्या 1859 साली निघालेल्या शुश्रूषेवरील टिपणांच्या पुस्तकात निरीक्षणावर एक सबंध प्रकरण आहे. रोग्याला रात्र बरी गेली का, असे विचारून भागत नाही. किती तास झोप लागली, केव्हा मोडली, पुन्हा लागली का, हे विचारावे, असा त्याचा रोख. 9 जुलै 1860 रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावची शाळा सुरू झाली, तिथेही नजर आणि नोंद यांवर त्यांचा भर होता.

नोंद म्हणताच एक आठवते ते लिहून टाकते. फार वर्षांपूर्वी एका रुग्णालयात, नाव नको, मी पाळीवर गेले तो सकाळच्या तापाचे सगळे तक्ते एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच आकड्याने भरलेले. खोलीतल्या सगळ्यांना तंतोतंत सारखा ताप! त्यातल्या एका बाळंतिणीच्या कपाळाला मी हात लावला तर चटका बसला. ती सुदैवाने वाचली. तक्ता खुर्चीवर बसून भरला की त्याचा काय अर्थ होतो, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या कपाळाने अधिक शिकविले.

बाळंतिणीवरून बाईंच्या चरित्रातला एक भाग सांगायलाच हवा. स्त्रियांच्या मासिकांतूनही तो क्वचितच येतो. खेड्यापाड्यांतल्या सुइणींना शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी आपल्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात 1861-62 च्या सुमारास प्रसूतीचा एक कक्ष उघडला. काम नेटके होते, सुइणी शिकत होत्या. पण बाळंतज्वराने बायका दगावू लागल्या. एखादीने दैवाला बोल लावला असता, किंवा शाळेचे नाव जाईल म्हणून आकडे दडविले असते. बाईंच्या संमतीने 1867 साली तो कक्ष बंद झाला. मग त्यांनी ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आकडे मागविले. नोंदी इतक्या गबाळ्या की ताळमेळ लागेना. तरीही एक गोष्ट स्वच्छ दिसली: मोठमोठ्या नामांकित प्रसूतिगृहांपेक्षा गरीब बाई स्वतःच्या झोपडीत अधिक सुरक्षित होती. 1871 साली त्यांनी हे पुस्तकरूपाने छापले. व्हिएन्नाच्या झेमेलवाइस डॉक्टरांनी 1847 मध्येच डॉक्टरांचे हात धुववून बाळंतज्वर खाली आणून दाखविला होता, पण जगाने ते तेव्हा मनावर घेतले नव्हते.

आमच्या भागातल्या काही वडीलधाऱ्या हे ऐकून खूष होतील, की बघा, आमची सगळी घरीच झाली! तेव्हा हेही लिहिते, की त्याच रीतीने आज मोजले तर उत्तर उलटे येते. आता हात धुतले जातात, रक्त देता येते, अडलेली बाई शस्त्रक्रियेने सोडविता येते. नाळेला शेण आणि राख लावल्याने धनुर्वाताने गेलेली बाळे मी नोकरीच्या सुरुवातीस पाहिली आहेत. बाईंचे 1871 चे उत्तर उचलायचे नाही. मोजण्याची रीत उचलायची.

आता हिंदुस्थानाकडे वळते. बाई इकडे कधी आल्या नाहीत, प्रकृतीने येऊ दिले नाही. पण इकडचे कागद त्यांच्या खोलीत गाडीभर होते. इथल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी 1859 साली आयोग नेमला गेला, तेव्हा प्रत्येक छावणीकडे पाठवायची प्रश्नावली बाईंनी तयार केली. उत्तरे आली ती अशी, की दर हजारी दरसाल 69 शिपाई मरत, आणि तेही लढाईवाचून. घाण पाणी, गटारांचा अभाव, दाटीच्या बराकी, दारू. 1873 पर्यंत सुधारणा होऊन हा आकडा 18 वर आल्याचे त्यांनी लिहिले. छावणीभोवतालची गावे रोगट राहिली तर छावणी निरोगी राहणार नाही हे त्यांना उमगले, आणि शिपायावरून त्यांचे लक्ष रयतेवर गेले.

इथे आपल्या भागाचा एक योग सांगते. 12 मे 1875, म्हणजे बाईंचा पंचावन्नावा वाढदिवस. त्या दिवशी आपल्या सुप्याच्या बाजारात कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होते. दंग्याचे लोण इंदापुराकडेही गेले. पाठोपाठ 1876-77 चा दुष्काळ पडला. नीरेच्या डाव्या कालव्याचे काम त्याच दुष्काळात सुरू झाले. ज्या पाण्यावर आज आपल्या घरांत साखर येते तो हा कालवा. बाईंचा या कालव्याशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण पाटबंधारे, दुष्काळ, सावकारी यांवर त्या याच वर्षांत हिरिरीने लिहीत होत्या. 1878 साली त्यांचा मोठा लेख विलायतेतल्या मासिकात आला, आणि कालव्यांवर खर्च किती, उत्पन्न किती, याचे हिशेब त्या मंत्र्यांकडे पुनःपुन्हा मागत राहिल्या. भूक हाही रोग, आणि त्याचीही गणती झाली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

म्हातारपणी त्यांचा जीव गावाच्या आरोग्यावर जडला. मुंबई इलाख्यात 1889 साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्यावर त्यांचे बारीक लक्ष होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. गावाकडून वसूल होणाऱ्या उपकरातून आधी गावाची स्वच्छता व्हावी, असा त्यांचा आग्रह. भाषणांनी बायकांना आरोग्य कळत नाही, शिकलेल्या बाईने घरात जाऊन हाताने दाखवावे लागते, हेही त्यांनी मांडले. अंगणवाडीच्या नि आशाताईंच्या कामात मला त्याचीच खूण दिसते.

मी इंदापूरच्या बाजूला असताना एका उन्हाळ्यात हगवणीची मुले एकसारखी येऊ लागली. आमच्या नोंदवहीत नाव, वय, औषध असे रकाने होते. शिकाऊ मुलींना मी आणखी एक रकाना आखायला लावला, प्यायचे पाणी कुठले? आठ दिवसांत बहुतेक नावांपुढे एकाच विहिरीचे नाव आले. ग्रामपंचायतीने टी.सी.एल. पावडर टाकली, कठड्याची फट बुजविली, आणि पुढच्या आठवड्यात तो रकाना निरनिराळ्या नावांनी भरू लागला. मुलेही कमी आली. मुलींना त्याचा केवढा आनंद झाला! एकीने तर त्या पानाला हळदकुंकू वाहिले. मी रागावले नाही.

बाई सर्वज्ञ नव्हत्या. घाणीच्या वाफेने रोग होतो, या जुन्या समजुतीला त्या पुष्कळ वर्षे धरून होत्या. जंतूंची गोष्ट त्यांना उशिरा पटली. स्वभावही करडा, सहकाऱ्यांना त्यांनी फार राबविले. तरी कारण चुकीचे धरूनही त्यांच्या गणतीने गटारेच साफ करविली, आणि जंतूही तिथेच होते. मला याची नेहमी गंमत वाटते.

अखेरीस त्यांची दृष्टी गेली. 1907 साली राजाने ऑर्डर ऑफ मेरिट दिला; तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. 13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत थोरांच्या पंक्तीत जागा देऊ केली होती, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे खेड्यातल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरले. दगडावर पूर्ण नावही नाही, आद्याक्षरे आणि दोन तारखा आहेत.

पुण्यात सेवासदन स्थापन होऊन तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. सार्वजनिक सभेचा कारभार एके काळी ज्यांच्या सल्ल्याने चाले, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी 2 ऑक्टोबर 1909 रोजी ते सुरू केले, आणि थोड्याच दिवसांत सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या.